विश्लेषण : गुणसूत्रांबाहेरची डीएनएची वर्तुळे कर्करोगाला बळ कशी देतात? तपासणीत ती निसटतात का?

कर्करोगाच्या गाठीचा जनुकीय अहवाल हाती येतो, तेव्हा त्यात प्रामुख्याने दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. कोणते जनुक बिघडले आणि कोणत्या जनुकाच्या प्रती वाढल्या. त्या वाढीव प्रती पेशीत नेमक्या कुठे आहेत, हे बहुतेक अहवालांत नसते. गेल्या दहा-बारा वर्षांतील संशोधनानुसार अनेक रुग्णांच्या बाबतीत हा ‘कुठे’चा प्रश्नच कळीचा आहे. वाढीव प्रती गुणसूत्रांबाहेर, छोट्या वर्तुळांच्या रूपात असतील तर कर्करोग वेगाने बदलतो आणि औषधांना लवकर चकवा देतो. भारतात कर्करोगाचे जनुकीय नकाशे तयार होऊ लागले आहेत. अशा वेळी हा प्रश्न मागे पडणे परवडणारे नाही.

गुणसूत्रांबाहेरचा डीएनए म्हणजे काय?

माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात आणि पेशीचा जवळपास सगळा डीएनए त्यांत गुंडाळलेला असतो. प्रत्येक गुणसूत्र हा दोन टोके असलेला लांब धागा. कर्करोगाच्या पेशीत हे धागे वारंवार तुटतात, चुकीच्या ठिकाणी जोडले जातात, कधी तर एखाद्या गुणसूत्राचा अक्षरशः चुराडा होतो. अशा वेळी तुटलेल्या तुकड्याची दोन टोके एकमेकांना जुळली की बांगडीसारखे बंद वर्तुळ तयार होते. ते पेशीच्या केंद्रकातच राहते, पण कोणत्याही गुणसूत्राचा भाग नसते. याला ‘एक्स्ट्राक्रोमोसोमल डीएनए’ किंवा थोडक्यात ईसीडीएनए म्हणतात.

ही वर्तुळे साधारण काही लाख ते काही दशलक्ष अक्षरांची असतात. त्यात एक किंवा अनेक संपूर्ण जनुके सहज मावतात. निरोगी पेशींतही डीएनएची वर्तुळे आढळतात. पण ती फार लहान, बहुधा काही शे ते काही हजार अक्षरांची असतात. ‘सगळ्यांच्याच शरीरात वर्तुळाकार डीएनए असतो’ हे विधान म्हणूनच अर्धे खरे आहे. कर्करोगाशी संबंध असलेली मोठी, जनुके वाहून नेणारी वर्तुळे निरोगी पेशींत जवळपास सापडत नाहीत.

शोध जुना, मग दुर्लक्ष का झाले?

१९६५ मध्ये ब्रिटनमध्ये डेव्हिड कॉक्स, आर्थर स्प्रिग्ज आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या गाठींतील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. गुणसूत्रांच्या आजूबाजूला त्यांना जोडीजोडीने विखुरलेले बारीक ठिपके दिसले. पुढे या ठिपक्यांना ‘डबल मिनिट्स’ असे नाव पडले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट शिमके यांच्या प्रयोगशाळेने मेथोट्रेक्सेट या औषधाला न जुमानणाऱ्या पेशींचा अभ्यास केला. औषध ज्या प्रथिनावर मारा करते, त्याच्याच जनुकाच्या असंख्य प्रती या पेशींनी बनवल्या होत्या. काही पेशींत या प्रती गुणसूत्रांबाहेरच्या ठिपक्यांवर होत्या. औषध थांबवल्यावर अशा पेशी त्या प्रती हळूहळू गमावत आणि त्यांचा औषधरोधही कमी होई.

म्हणजे कळीचा धागा ४५ वर्षांपूर्वीच हाती आला होता. मग तो सुटला कसा? एक कारण तंत्रज्ञानाच्या प्रगतीतच आहे. जनुकीय क्रमवाचनाची यंत्रे आल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रे न्याहाळण्याचे कष्टाचे काम मागे पडले. ही यंत्रे डीएनएचे छोटे तुकडे करून वाचतात आणि ते सरळ रेषेतल्या प्रमाण नकाशावर बसवतात. एखाद्या जनुकाचे तुकडे शंभरपट जास्त आले की ‘प्रती वाढल्या’ हे कळते. पण त्या गुणसूत्रावर आहेत की बाहेरच्या वर्तुळांवर, हे वेगळे शोधल्याशिवाय कळत नाही. यंत्राने मोजदाद अचूक केली, पण ठावठिकाणा पुसला गेला.

वर्तुळ झाल्याने काय बिघडते?

पहिला परिणाम जनुकांच्या कामावर होतो. गुणसूत्रातील डीएनए प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला असतो. त्याचा बराच भाग बंद कपाटासारखा असतो आणि तो वाचला जात नाही. ईसीडीएनएवरही प्रथिने असतात, पण गुंडाळी सैल असते. २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने हे दाखवून दिले. त्यामुळे त्यावरची कर्करोगकारक जनुके जोमाने वाचली जातात. प्रतींच्या संख्येवरून अपेक्षित असावे त्याहूनही अधिक काम ती करतात.

दुसरा परिणाम शेजाराचा. जनुक किती जोरात चालावे, हे डीएनएमधील नियंत्रक भाग ठरवतात. वर्तुळ बनताना दूरचे नियंत्रक भाग कर्करोगकारक जनुकाच्या शेजारी येऊन बसतात. इतकेच नव्हे, अनेक वर्तुळे केंद्रकात एकत्र येऊन घोळके करतात, असे २०२१ मध्ये दिसून आले. एका वर्तुळावरचा नियंत्रक दुसऱ्या वर्तुळावरच्या जनुकाला चालना देतो. गुणसूत्रांच्या शिस्तीत अशी मोकळीक सहसा मिळत नाही.

पेशीविभाजनात वाटणी कशी होते?

गुणसूत्रांची समान वाटणी शालेय पुस्तकात शिकवली जाते. पेशी विभागण्यापूर्वी प्रत्येक गुणसूत्राची प्रत तयार होते. गुणसूत्रबिंदूला धागे जोडले जातात आणि दोन्ही नव्या पेशींना एकेक प्रत मिळते. ईसीडीएनएला गुणसूत्रबिंदूच नसतो. त्याची प्रत बनते, पण वाटणी नशिबावर सोडलेली असते. मूठभर शेंगदाणे डोळे मिटून दोन वाट्यांत टाकावेत, तसे. एका पेशीला ६० वर्तुळे मिळतील, दुसरीला २० आणि काही पिढ्यांनंतर एखादीला एकही नाही.

हा गोंधळ कर्करोगाच्या पथ्यावर पडतो. गाठीतील पेशी एकसारख्या राहत नाहीत. काहींत कर्करोगकारक जनुकाच्या शेकडो प्रती, काहींत मोजक्याच. परिस्थिती बदलली की तिला तोंड देऊ शकणारी पेशी गाठीत आधीच हजर असते. एरवी नव्या उत्परिवर्तनाची वाट पाहावी लागते. येथे केवळ वाटणीतून काही पिढ्यांत गाठीचे रूप पालटते.

या यादृच्छिकतेतही एक विशेष आहे. एकाच पेशीत वेगवेगळी जनुके वाहणारी वर्तुळे असतील तर विभाजनाच्या वेळी ती अनेकदा एकत्र एकाच पेशीकडे जातात, असे नोव्हेंबर २०२४ मधील एका संशोधनाने दाखवले. एकमेकांना पूरक असलेल्या जनुकांची टोळी फुटत नाही, ती सोबत प्रवास करते.

औषधे निष्प्रभ का ठरतात?

याचे बोलके उदाहरण ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या आक्रमक कर्करोगाचे आहे. यात ईजीएफआर या जनुकाचे बिघडलेले रूप अनेकदा ईसीडीएनएवर असते. पॉल मिशेल आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात एक प्रयोग मांडला. रुग्णांच्या गाठींतून मिळवलेल्या पेशींवर ईजीएफआरला रोखणारे एर्लोटिनिब हे औषध वापरले. पेशींनी काय करावे? ज्या वर्तुळांवर हे जनुक होते, तीच कमी झाली. लक्ष्यच नाहीसे झाल्याने औषध निष्प्रभ ठरले. औषध थांबवल्यावर मात्र ती वर्तुळे पुन्हा दिसू लागली.

दुकानावर धाड पडणार म्हणताच माल हलवावा आणि धाड संपताच पुन्हा मांडावा, असाच हा प्रकार. गुणसूत्रावर पक्के बसलेले जनुक इतक्या चपळाईने ना घटवता येत, ना वाढवता येत. काही वेळा ही वर्तुळे पुन्हा एखाद्या गुणसूत्रात शिरतात आणि तेथे जनुकाच्या प्रतींची लांबलचक रांग तयार होते. म्हणजे आत-बाहेर दोन्हीकडे ये-जा शक्य असते.

या प्रयोगाचा एक धोकादायक अर्थ काढला जाऊ शकतो. औषध थांबवल्याने पेशी पुन्हा औषधाला दाद देऊ लागल्या, म्हणून रुग्णाने मधूनमधून औषध बंद ठेवावे, असा तो अर्थ. प्रयोगशाळेतील निरीक्षण म्हणजे उपचारपद्धती नव्हे. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय औषधात खंड पाडण्याला या संशोधनात कोणताही आधार नाही.

किती रुग्णांत हे आढळते?

येथे आकड्यांचा गोंधळ होतो, म्हणून ते नीट पाहायला हवेत. २०१७ मध्ये मिशेल, संगणकीय जीवशास्त्रज्ञ विनीत बाफना आणि सहकाऱ्यांनी १७ प्रकारच्या कर्करोगांतील अडीच हजारांहून अधिक पेशी तपासल्या. जवळपास निम्म्या नमुन्यांत ईसीडीएनए आढळला. मात्र त्यात प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींचा भरणा मोठा होता. २०२० मध्ये रोएल व्हरहाक यांच्या गटाने तीन हजारांहून अधिक रुग्णांच्या गाठींची जनुकीय माहिती तपासली, तेव्हा प्रमाण १४ टक्के निघाले. असे रुग्ण इतरांच्या तुलनेत कमी काळ जगले.

सर्वांत मोठा अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये आला. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णांवर आधारित ‘१,००,००० जीनोम्स’ प्रकल्पातील १४,७७८ रुग्णांची माहिती त्यात वापरली गेली. ३९ प्रकारच्या गाठींपैकी १७.१ टक्के गाठींत ईसीडीएनए होता. रोग पुढच्या टप्प्यात गेलेल्या आणि आधी केमोथेरपीसारखे उपचार झालेल्या रुग्णांत प्रमाण जास्त होते. काही वर्तुळांवर कर्करोगकारक जनुकांऐवजी रोगप्रतिकारशक्तीला बगल देण्यास मदत करणारी जनुके सापडली.

हे केवळ शेवटच्या टप्प्यातील लक्षण आहे का? तसे दिसत नाही. अन्ननलिकेच्या ‘बॅरेट्स’ या स्थितीतून काही जणांना कर्करोग होतो. २०२३ मध्ये ‘नेचर’मधील अभ्यासात अशा ८० जणांचे जपून ठेवलेले नमुने पाहिले गेले. पुढे कर्करोग झालेल्या ४० जणांपैकी सुमारे एकतृतीयांश जणांच्या नमुन्यांत, निदानाआधी किंवा निदानाच्या वेळी, ईसीडीएनए होता. कर्करोग न झालेल्या ४० जणांत तो अवघ्या एकात आढळला. म्हणजे काही रुग्णांत ही वर्तुळे कर्करोग होण्याआधीच तयार होतात.

यावर उपाय आहे का?

वर्तुळांचे बळ हेच त्यांचे दुबळेपणही ठरू शकते. ईसीडीएनएवरची जनुके सतत वाचली जात असतात. त्याच वेळी त्या डीएनएची प्रत काढण्याचे कामही चालू असते. एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर याव्यात, तशी टक्कर होते आणि डीएनएला इजा होते. ती सावरण्यासाठी पेशी सीएचके१ या प्रथिनावर अवलंबून राहते. हे प्रथिन रोखले तर ईसीडीएनए असलेल्या पेशी अधिक प्रमाणात मरतात, हे २०२४ च्या संशोधनात दिसले. उंदरांमधील जठराच्या कर्करोगात अशा औषधाची दुसऱ्या औषधाशी जोड दिल्यावर औषधरोध टाळता आला. या प्रकारच्या औषधाच्या माणसांवरील प्राथमिक चाचण्या अमेरिकेत २०२३ मध्ये सुरू झाल्या.

आशा आहे, पण घाई नको. सीएचके१ निरोगी पेशींनाही लागते. ते रोखणाऱ्या औषधांच्या आधीच्या चाचण्यांत रक्तपेशी कमी होण्याचा त्रास दिसला होता. उंदरांतील यश आणि रुग्णालयातील उपचार यांत मोठे अंतर असते. आज कोणत्याही रुग्णासाठी ‘ईसीडीएनएवरचे’ मान्यताप्राप्त औषध बाजारात नाही.

भारतात काय करायला हवे?

‘ग्लोबोकॅन’च्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात कर्करोगाचे सुमारे १४.१ लाख नवे रुग्ण आढळले आणि नऊ लाखांहून अधिक मृत्यू झाले. तोंडाचा कर्करोग येथील मोठा प्रश्न आहे. कर्करोगाला चालना देणारे सीसीएनडी१ हे जनुक त्यात अनेकदा वाढलेले असते. या वाढीव प्रती किती भारतीय रुग्णांत गुणसूत्रांबाहेर आहेत? इंग्लंडमधील रुग्णांचे आकडे याचे उत्तर देणार नाहीत. गाठींचे प्रकार वेगळे, तंबाखू खाण्याची पद्धत वेगळी, उपचार सुरू होण्याचा टप्पाही वेगळा.

भारताला या क्षेत्रात शून्यापासून सुरुवात करायची नाही. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची ‘अ‍ॅक्ट्रेक’ आणि पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था यांनी गाल व हिरडीच्या कर्करोगाचा जनुकीय आराखडा २०१३ मध्येच प्रसिद्ध केला. पुण्यातील ‘इंडियन कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ने स्तनाच्या कर्करोगापासून माहितीसंच खुला करण्यास सुरुवात केली आहे. आयआयटी मद्रासने फेब्रुवारी २०२५ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ४८० रुग्णांची माहिती असलेला ‘भारत कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास’ जाहीर केला.

अडचण पद्धतीची आहे. खर्च वाचवण्यासाठी अनेक प्रकल्प जनुकसंचातील प्रथिने बनवणारा भागच वाचतात. आयआयटी मद्रासचा संचही याच पद्धतीचा आहे. हा भाग एकूण डीएनएच्या दोन टक्क्यांहून कमी असतो. बिघडलेले अक्षर शोधायला ही पद्धत उत्तम. पण वर्तुळ कुठे तुटले आणि कुठे जुळले, हे बहुधा उरलेल्या ९८ टक्क्यांत दडलेले असते. नियंत्रक भागही तेथेच असतात. त्यामुळे वर्तुळे शोधण्यासाठी अशी माहिती फारशी उपयोगी पडत नाही.

यावर आक्षेप येईल तो पैशांचा. संपूर्ण जनुकसंच वाचणे महाग आहे, हे खरे. पण ईसीडीएनएसाठी तो तीस-चाळीस वेळा वाचण्याची गरज नसते. २०१७ च्या अभ्यासात बहुतेक नमुने जेमतेम एकदाच, म्हणजे फार कमी खोलीवर वाचले होते. प्रतींची मोठी वाढ त्यातही दिसते. बाफना यांच्या गटाने बनवलेली ‘अ‍ॅम्प्लिकॉनआर्किटेक्ट’ ही संगणकप्रणाली संशोधकांना उपलब्ध आहे आणि ती अशा माहितीतून वर्तुळाची रचना जुळवते. ज्या भारतीय प्रकल्पांनी संपूर्ण जनुकसंच वाचले आहेत, त्यांची माहिती नव्याने तपासायला नवा नमुनाही लागत नाही. शिवाय चमकणाऱ्या खुणा लावून जनुक सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची ‘फिश’ चाचणी मोठ्या प्रयोगशाळांत होतेच. स्तनाच्या कर्करोगात ‘हर-टू’ जनुकासाठी ती वापरली जाते. आज तिच्यातून मुख्यतः संख्या टिपली जाते. संशोधनासाठी खुणांची मांडणीही नोंदवायला हवी.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जेथे अनेक रुग्ण तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात रुग्णालयात पोहोचतात आणि जिल्ह्याच्या ठिकाणी साध्या निदानाची वानवा असते, तेथे वर्तुळांच्या मागे का लागायचे? तंबाखू रोखणे आणि लवकर निदान करणे यांना तोड नाही, ही गोष्ट कोणतेही जनुकीय संशोधन बदलणार नाही. पण जनुकीय नकाशांवर खर्च सुरू झालाच आहे. एकदा गाठीचा नमुना संपला की तो पुन्हा मिळत नाही. त्यामुळे जो खर्च होणारच आहे, त्यातून योग्य प्रश्नाचे उत्तर मिळावे, एवढाच हा आग्रह आहे. देशभरातील तीनशेहून अधिक संस्थांना जोडणारे राष्ट्रीय कर्करोग जाळे यासाठी समान नियम ठरवू शकते. प्रत्येक मोठ्या प्रकल्पात काही नमुन्यांचे संपूर्ण वाचन व्हावे, ऊती नीट जपल्या जाव्यात आणि रुग्णाची संमती व खासगीपणा सांभाळून माहिती संशोधकांना खुली असावी.

इंग्लंडच्या अभ्यासातून घेण्यासारखा धडा आकड्यांपलीकडचा आहे. सरकारी रुग्णालयांत उपचार घेणाऱ्या सामान्य रुग्णांनी दिलेले नमुने आणि त्यांच्या उपचारांची पुढील नोंद एकत्र ठेवली गेली, म्हणून १४ हजारांहून अधिक जणांवरून निष्कर्ष काढता आला. एखाद्या खासगी प्रयोगशाळेच्या बंद संगणकात पडलेल्या अहवालांतून ते झाले नसते.

रुग्णांनी काय लक्षात ठेवावे?

ईसीडीएनएची तपासणी आज नेहमीच्या उपचारांचा भाग नाही. रक्ताच्या थेंबावरून ‘वर्तुळाकार डीएनए’ शोधून कर्करोगाचे भाकीत करण्याचा दावा करणारे महागडे पॅकेज कोणी विकत असेल, तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावे. तपासणीत तो आढळला तरी त्यानुसार ठरलेला उपचार अजून हाती नाही. रुग्णाने आज मागावे ते वेगळे आहे. जनुकीय तपासणी झाली असेल तर तिचा पूर्ण अहवाल आणि शक्य असल्यास मूळ माहिती स्वतःकडे ठेवावी. गाठीचे ठोकळे रुग्णालयाने किती काळ जपले आहेत, हेही विचारून ठेवावे. उद्या या वर्तुळांवरची औषधे आलीच, तर आपल्याला ती लागू पडतील का, हे त्याच ठोकळ्यांतून शोधावे लागेल.

१९६५ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या ठिपक्यांकडे पुन्हा गांभीर्याने पाहायला जगाला जवळपास पाच दशके लागली. ते दिसत होते, पण मोजण्याच्या घाईत सुटले. भारतातील कर्करोगाचे नकाशे आता कुठे आखले जात आहेत. त्यात ‘जनुक किती’ या रकान्याशेजारी ‘जनुक कुठे’ हा रकाना ठेवायला फार खर्च येणार नाही. तो न ठेवल्याची किंमत मात्र पुढच्या रुग्णांना मोजावी लागेल.